जमिनीवरची जपानी गादी आणि आपला छोटा फ्लॅट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही सांगलीत विश्रामबागला वन बीएचकेमध्ये राहतो, मी, नवरा आणि सात वर्षांचा मुलगा. बेडरूम दहा बाय नऊ, त्यात डबल बेड टाकल्यावर कपाटाचं दार निम्मंच उघडायचं, शेवटी २०२० मध्ये तो बेड दिराला देऊन टाकला आणि तेव्हापासून जपानी पद्धतीने खाली गादी घालून झोपतो. कुणाला हे कळलं की प्रश्न सुरू. व्हॉट्सॲपवर तीच तीच उत्तरं टाइप करून अंगठा दुखायला लागला म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. जिथे दुसऱ्या प्रश्नाचा नंबर दिलाय तिथे जाऊन बघा, मी तेच परत लिहिणार नाही.

१. जपानी गादी म्हणजे नक्की काय? ऑनलाइन ‘फ्युटॉन’ टाकलं की सगळे सोफेच दिसतात.

दिसणारच, कारण अमेरिकेकडे फ्युटॉन म्हणजे घडीचा सोफा-कम-बेड आणि इथेही त्याच अर्थाने विकतात. जपानमध्ये फुतोन म्हणजे अख्खं अंथरूण-पांघरूण. खाली घालायची ती शिकीबुतोन, वर घ्यायची ती काकेबुतोन, आणि उशी म्हणजे माकुरा. शिकीबुतोन दोन ते चार इंच जाड असते, तिच्या तीन घड्या पडतात, रात्री घालायची आणि सकाळी उचलून ‘ओशिइरे’ नावाच्या खोल कपाटात टाकायची, की तीच खोली दिवसभर बसाउठायला मोकळी. म्हणजे आजीकडे जे अंथरूण घालणं-काढणं चालायचं तेच की ओ. सर्च करताना ‘शिकीबुतोन’ टाका, सोफे जातील.

२. मग आपली कापसाची गादी आणि ही, फरक काय? नुसतं नाव जपानी करून महाग विकतात का?

कापूस बघितला तर फार फरक नाही. उलट जपानमध्ये खाली घालायच्या गादीला आखूड, जाडसर धाग्याचा भारतीय कापूस चांगला मानतात, कारण तो दाबला तरी परत फुगतो. आणि हे आजचं नाही, १८९३ मध्ये टाटांनी निप्पॉन युसेन या जपानी कंपनीबरोबर मुंबई ते कोबे बोटी सुरू केल्या त्या मुख्यतः कापसासाठीच. फरक आहे तो बांधणीत. आपली गादी पलंगावर एकदा टाकली की दिवाळीपर्यंत हलत नाही या हिशोबाने भरतात, म्हणून ती जड, मध्ये फुगलेली आणि घडी न पडणारी. त्यांची गादी रोज उचलायच्या हिशोबाने केलेली, म्हणून हलकी, सपाट आणि जास्त टाक्यांची. बाकी नावाचे पैसे घेतातच, त्यात काय नवीन.

३. ऑनलाइन घेऊ की गादीवाल्याकडून करून घेऊ?

माझं मत विचाराल तर करून घ्या. सांगली, मिरज, सातारा, कराड, कुठेही जुन्या पेठेत नदाफांची दुकानं अजून आहेत, धुनकीच्या जागी मशीन आलंय एवढंच. मी पहिल्यांदा गेले आणि तीन इंची गादी पाहिजे म्हटलं तर चाचा माझ्याकडे बघून म्हणाले, “ताई, यावर माणूस झोपणार का मांजर?” पण एकदा कागदावर चित्र काढून दाखवलं की ही रोज उचलायचीय, मग त्यांनीच चांगल्या चांगल्या सुधारणा सुचवल्या.

आमची सव्वातीन फूट बाय पावणेसात फूट आहे, तीन इंच जाड, सात किलो कापूस. नेहमीच्या गादीत याच्या जवळपास दुप्पट भरतात, म्हणून आधीच ठणकावून सांगा, नाहीतर ते प्रेमाने जास्तच भरतात. कापूस समोर वजन करून घ्या आणि भरायच्या आधी हातात घेऊन बघा, मिलचा वेस्ट असेल तर धागेदोरे, रंगीत बारीक चिंध्या दिसतात, तो कापूस लवकर बसतो. टाके सहा-सात इंचांवर एक असे जवळजवळ पाहिजेत. आणि एक युक्ती, टाक्यांच्या दोन आडव्या ओळी बरोबर तिसऱ्या हिश्श्यावर घ्यायला लावा, तिथे गादी आपोआप मोडते आणि घडी सरळ पडते. कापसाचा दर आणि शिलाई वेगवेगळी विचारा. खोळ चेनवाली वेगळी शिवून घ्या कारण धुवायला तीच निघणार आहे, गादी धुता येत नाही.

ऑनलाइनवाल्यांचा एकच फायदा, घरपोच येते. पण व्हॅक्यूम करून पापडासारखी चपटी पाठवतात आणि आत काय भरलंय ते कळत नाही.

४. तीन इंच कमी नाही का? मी सहा इंची घेतो म्हणजे टोचणार नाही.

सहा इंची कापसाची गादी रोज उचलून बघा, आठव्या दिवशी ती तिथेच राहील, आणि मग काय होतं ते प्रश्न ६ आणि ८ मध्ये आहे. तीन ते चार इंच, बास. फारच कडक वाटली तर वर एक वाकळ टाका, जुन्या लुगड्यांची असली तर उत्तमच, ती मऊपणा पण देते आणि रोज झटकता पण येते.

५. आम्ही दोघं आहोत, डबल साइज करू का?

करू नका. दोन सिंगल करा आणि शेजारी शेजारी घाला, जपानी घरात पण बहुतेक असंच असतं. तिकडची स्टँडर्ड सिंगल १०० बाय २१० सेंटिमीटर असते, डबल १४० बाय २१०. डबल ओली झाली की एकट्या माणसाला हलत नाही, गॅलरीत वाळत घालता येत नाही. मधली फट खुपते ही तक्रार खरी आहे, त्यावर दोन्ही गाद्यांवर मिळून एकच मोठी सोलापुरी चादर आवळून खोचायची, किंवा खोळीच्या कडांना बंद शिवून बांधायचे. लांबी मात्र बघा, आपल्याकडे सरसकट सहा फुटी करतात आणि उंच माणसाचे पाय फरशीवर येतात. अंथरूण पाहून पाय पसरा म्हणतात ते ठीक, पण इथे अंथरूणच तुम्ही शिवून घेताय.

६. डायरेक्ट फरशीवर टाकली तर चालेल ना?

नाही. सगळ्यात जास्त चूक इथेच होते आणि मी पण केलीय, म्हणून जरा लांबण लावते.

जपानी माणूस गादी फरशीवर टाकत नाही, तातामीवर टाकतो. तातामी म्हणजे गवताची विणलेली पाच-साडेपाच सेंटिमीटर जाड चटई, पारंपरिक असेल तर आत भाताचा पेंढा दाबून भरलेला, ती ओल पिते आणि नंतर सोडते. आपल्याकडे खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, गार आणि काचेसारख्या बंद. रात्रभरात माणसाच्या अंगातून घाम आणि वाफ मिळून पेलाभर पाणी जातं, ते गादीतून खाली उतरतं, खाली गार फरशी लागते आणि तिथेच त्याचं पाणी होतं, फ्रीजमधली बाटली बाहेर काढल्यावर होतं तसं. वरून गादी कोरडी लागते म्हणून कळत पण नाही.

आमची पहिली गादी मी प्लास्टिकच्या चटईवर घातली होती, म्हटलं फरशीचा गारवा लागणार नाही. जुलै महिना, कंटाळा म्हणून तीन आठवडे उचललीच नाही. मग मुलाची गोटी खाली गेली म्हणून कोपरा वर केला तर चटईवर माणसाच्या आकाराचा ओला डाग आणि गादीच्या पाठीला खसखस सांडल्यासारखे काळे ठिपके. नवी गादी, पहिलाच पावसाळा.

म्हणजे नुसती गादी जपानी आणून भागत नाही, तिच्याखालच्या जमिनीचा पण विचार करावा लागतो. त्यातलं सगळ्यात चांगलं म्हणजे लाकडी पट्ट्यांची जाळी, जपानमध्ये तिला सुनोको म्हणतात. सुताराकडून दीड-दोन इंच उंचीची करून घ्या, पट्ट्यांमध्ये बोटभर फट, आणि एक अखंड करण्यापेक्षा तीन तुकडे, म्हणजे भिंतीला उभे लावून ठेवता येतात. जुन्या पॅकिंगच्या पाइनच्या फळ्या चालतात, फक्त रंधा मारून खिळे बसवून घ्या. तेवढं नको असेल तर काथ्याची जाड चटई किंवा शिंदीच्या पानांची चटई, ती पण रोज उचलायची. प्लास्टिक चटई, रबरी कोड्याच्या मॅट, रेक्झिन, यातलं काही नको, ओल अडवतात.

७. मग खरी तातामीच मागवली तर?

हौस असेल तर मागवा. एक तातामी साधारण सहा फूट बाय तीन फूट, जड असते आणि तिचं गवत, इगुसा, जपानमध्ये मुख्यतः कुमामोतो भागात पिकतं, त्यामुळे येणारी वस्तू एक तर महाग नाहीतर नकली. सांगलीत एक वेळ टिकेल, पण सातारा-महाबळेश्वरच्या पावसात तातामीलाच बुरशी धरते, जपानमध्ये पण दमट दिवसांत धरते. सुनोको पुरतो.

८. रोज उचलायलाच पाहिजे का? खरं सांगा.

खरं सांगते, हो. जपानीत याला एक शब्द आहे, ‘मान्नेनदोको’, म्हणजे दहा हजार वर्षं न उचललेलं अंथरूण, आळशी माणसाची चेष्टा करायला वापरतात. उठल्या उठल्या लगेच घडी मात्र घालू नका, आतली वाफ आतच राहते. पांघरूण बाजूला करून चहा होईपर्यंत उघडी ठेवा, मग तीन घड्या. खाली सुनोको असेल आणि उन्हाळा असेल तर एखाद्या दिवशी राहिली म्हणून आभाळ कोसळत नाही. हे रोजचं जमणार नसेल तर मात्र खाली झोपायच्या भानगडीत पडू नका, साधा सिंगल बेड घ्या, मी काही रागावणार नाही.

९. घडी कपाटात मावत नाही, मग ठेवायची कुठे?

मावणारच नाही. तीन घड्या केल्यावर साधारण १०० बाय ७० सेंटिमीटरचा गठ्ठा होतो आणि आपलं वॉर्डरोब साठच्या आसपास खोल असतं, ओशिइरे त्यापेक्षा बरंच खोल म्हणून त्यांचं जमतं. माळ्यावर रोज कोण चढवणार. आम्ही दोन्ही गाद्या एकावर एक भिंतीला लावून ठेवतो, वर सतरंजी आणि मागे दोन लोड, झाली बैठक. पाहुण्यांना वाटतं मुद्दाम भारतीय बैठक केलीय. पाच-दहा सेंटिमीटर भिंतीपासून लांब ठेवा, पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल असते.

१०. आम्ही साताऱ्यात, जून ते सप्टेंबर ऊनच नसतं. काय करायचं?

हा प्रश्न साताऱ्याहून, पाटणहून, वाईहून दरवर्षी येतो, आटपाडी-जतवाले कधी विचारत नाहीत. ऊन नसेल तर वारा द्यायचा. दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून त्यांवर गादी तंबूसारखी टाकायची आणि फुल स्पीडने पंखा, तासाभराने पालटायची. एसी असेल तर ड्राय मोडवर दोन तास. जपानमध्ये गादीत गरम हवा सोडायची मशीनच मिळतात, आपल्याकडे हेअर ड्रायरने तो प्रयोग करू नका, एकाच जागी कापूस तापतो, पेटायची भीती. पाऊस उघडला आणि दोन तास ऊन पडलं तर बाकी कामं सोडून आधी गादी बाहेर. आणि अशा भागात कापसाऐवजी निम्मा कापूस निम्मं पॉलिस्टर भरून घ्यायला हरकत नाही, कमी ओल धरते, वाळते पण लवकर.

११. ऊन किती द्यायचं? सोसायटीवाले गॅलरीत घालू देत नाहीत.

आठवड्यातून एकदा, दहा ते तीनच्या मध्ये, दोन्ही बाजूंना तास-तास. मे महिन्यात सांगलीच्या उन्हात अर्धा तास पण पुष्कळ. वर जुनी पांढरी चादर टाका म्हणजे खोळीचा रंग उडत नाही. चारनंतर ठेवू नका, थंडीत तर संध्याकाळी दव धरते आणि केलेलं वाया जातं. बडवायची जुनी सवय असेल तर हात आवरा, जोरात मारून कापसाचे धागे तुटतात, हलक्या हाताने झटकून ब्रश मारा. सोसायटीचं म्हणाल तर रेलिंगवर बाहेरून लोंबकळत ठेवू नका, त्यांची तक्रार रास्त आहे, खाली कुणाच्या डोक्यात पडली म्हणजे. गच्चीवर न्या. त्यासाठीच सात किलोची केलीय.

१२. फोमची तीन घडीवाली मिळते ती घेऊ का? लेटेक्स?

हलकी असते, भाड्याच्या खोलीतल्या पोरांना बरी. पण ती उन्हात घालायची नाही, उन्हाने फोम पिवळा पडून भुगा होतो, लेटेक्सचं तर आणखी लवकर. नुसती उभी करून वारा द्यायचा. खाली सुनोको लागतोच, फोम पण खालून ओला होतो.

१३. कडक गादीने कंबरदुखी जाते म्हणतात, खरं का?

सगळेच म्हणतात, पण २००३ मध्ये स्पेनमध्ये जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांवर अभ्यास झाला त्यात एकदम कडकपेक्षा मध्यम कडक गादीवाल्यांना जास्त आराम पडला. म्हणजे फरशीवर सतरंजी टाकून झोपणं हा काही उपाय नाही. कुशीवर झोपणाऱ्याचा खांदा आणि कमरेचं हाड खाली टेकतं, त्यांनी चार इंची घ्या. पहिले पाच-सहा दिवस अंग दुखतं ते सवयीचं. पायात मुंग्या येतात, कळ खाली उतरते असं असेल तर गादीचा विषय सोडा आणि डॉक्टरला दाखवा.

१४. आई-वडील गावाहून येतात, त्यांचे गुडघे दुखतात. त्यांना खाली झोपवू का?

नको. प्रश्न झोपायचा नाही, रात्री तीनदा उठायचा आहे. गुडघ्याचं किंवा खुब्याचं ऑपरेशन झालेलं असेल तर बिलकूलच नको. माझी आई दिवाणावर हीच तीन इंची गादी टाकून झोपते, दिवाणाच्या फळ्यांमध्ये फटी आहेत त्यामुळे सुनोकोचं काम फुकट होतं. गरोदर बाईला शेवटच्या महिन्यांत उठणं जड जातं, तेव्हा पण तेच.

१५. बाळ आहे, खाली झोपवणं सेफ ना? आणि मोठा मुलगा अजून अंथरूण ओलं करतो.

पडायची भीती नाही हे खरं. पण वर्षाच्या आतल्या बाळाला स्वतःची सपाट, घट्ट गादी वेगळी, त्याच्या तोंडाशी उशी, मऊ दुपटी, रजई काही नको, श्वास कोंडतो. मोठ्याच्या गादीत मध्ये झोपवू नका.

ओलं करणाऱ्यासाठी रबरी शीट फक्त त्याच्या कमरेखाली, सकाळी काढून टाकायची, पूर्ण गादीवर घातली की प्रश्न ६ सुरू. ओलं झालंच तर लगेच टॉवेलने दाबून टिपा, घासू नका, थोडं व्हिनेगर घातलेलं गार पाणी फडक्याने लावा, परत टिपा आणि ऊन. आमच्याकडे ही परीक्षा दोन वर्षं चालली.

१६. बुरशीचे ठिपके आलेत, काय लावू?

नुसते खोळीवर असतील तर खोळ गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात. गादीच्या कापडावर असतील तर वरवर पुसून बुरशी मरेल पण डाग राहील आणि आत गेली असेल तर वास येत राहील. मग गादी उसवून कापूस बघायला सांगा, काळा पडलेला, कुबट कापूस टाकायचा, चांगला राहिलेला वाळवून परत पिंजून नव्या कापडात भरायचा. आमच्या पहिल्या गादीचा निम्माच वाचला. जपानमध्ये पण जुनी गादी अशी पिंजून नवी करतात, त्याला उचिनाओशी म्हणतात, म्हणजे चाचांचं दुकान तिकडे पण आहे. घरात कुणाला दमा असेल तर वाचवायच्या नादी लागू नका, टाकून द्या.

१७. ढेकूण आणि मुंग्या?

मुंग्या खाण्यामुळे येतात, अंथरुणात बसून बिस्किट खाणं बंद करा. ढेकूण खाली झोपल्याने येत नाहीत पण येणार असतील तर थांबत पण नाहीत, शिवणीत आणि सुनोकोच्या फटीत बसतात. उन्हाने जातील या भरवशावर राहू नका, वरचं कापड तापतं पण आतपर्यंत तेवढी उष्णता जात नाही. पेस्ट कंट्रोल. बाकी रोजची देखभाल म्हणजे आठवड्याला खोळ धुणं, आणि घट बसायच्या आधी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं काढतोच आपण, तेव्हा गादीचे टाके तुटलेत का बघून घ्यायचं.

१८. आमचं घर बैठं आहे, मागे ऊस. खाली झोपलं तर चालतं का?

नाही, आणि इथे मी चेष्टा करत नाही. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसालाच जास्त चावते, चावलेलं बऱ्याचदा दुखत पण नाही, खूण दिसत नाही, माणूस पहाटे पोटात दुखतंय, डोळे उघडेनात म्हणून उठतो. नागपंचमीचं शिराळा ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या लोकांना मी साप काय शिकवू, पण शहरातून गावी जाऊन हौसेने खाली झोपणारे खूप आहेत. शेताजवळ, तळमजल्यावर, जुन्या घरात खाट किंवा पलंग आणि मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोचलेली. शंका आली तरी सकाळची वाट न बघता सरकारी दवाखाना गाठायचा, मांत्रिक नाही.

१९. उत्तरेला डोकं येतंय, गादी कशी घालू?

फिरवा. पलंगवाल्यांना ते जमत नाही. गंमत म्हणजे जपानी लोक पण उत्तरेला डोकं करून झोपत नाहीत, मेलेल्या माणसाला तसं ठेवतात म्हणून.

२०. पुरात भिजलेली गादी वाळवून वापरता येते का?

नाही. पुराच्या पाण्यात गटार मिसळलेलं असतं, ती गादी पिंजून पण घेऊ नका. माझं माहेर गावभागात तळमजल्यावर. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आई-बाबा कपडे आणि कागदपत्रं घेऊन बाहेर पडले, गाद्या राहिल्या, जड होत्या, कोण उचलणार. पाणी उतरल्यावर एक सहा इंची गादी दारातून बाहेर ओढायला चौघं लागले आणि तरी ती मधूनच फाटली, आतून काळा चिखल. अख्ख्या गल्लीत दारोदारी तसेच ढीग. २०२१ मध्ये परत पाणी वाढायला लागलं तेव्हा तीन इंची होती. पाण्याने ४० फुटांची इशारा पातळी गाठायच्या आतच आईने ती तीन घड्या करून सुतळीने बांधली, शेजारच्या पोराने खांद्यावर टाकून दुसऱ्या मजल्यावर नेली, आणि त्या रात्री वरच्या काकूंच्या हॉलमध्ये तिच्यावरच आई झोपली.